तपासणीपुरती वही

हीउमा बेटावर नोव्हेंबरात
दुपारी साडेतीनलाच दिवे लागतात.
स्पर्धेचे अठ्ठेचाळीस तास म्हणजे
आमच्याकडे जवळजवळ एकच रात्र.

वीस वर्षं मी मच्छीमार संस्थेच्या बिनतारी खोलीत बसले.
कुठलं ट्रॉलर अडकलं, हेरिंग किती, ताप कोणाला,
सगळं टिंबा-रेघांतून डाव्या कानात यायचं.
उजवा वादळासाठी मोकळा ठेवायचे.
पुढे संस्था बुडाली, जहाजं भंगारात गेली,
कान तेवढा उरला.

म्हणून स्पर्धेत माझा वर्ग ठरलेला : एकटी, विनामदत.
नियमावलीत ती ओळ मी पेन्सिलीने अधोरेखित केलीय :
दुसऱ्याने ऐकलेलं घ्यायचं नाही.
पॅकेट बघायचं नाही.

पॅकेट हे बहिणीच्या मुलाचं, राइवोचं खूळ.
त्याच्या खोलीत एक डबडं, त्याला जोडलेला जुना संगणक.
मिनिटामिनिटाला खर्र करून शिंकतं
आणि पडद्यावर हिरवी ओळ उमटते :
अमुक स्टेशन, तमुक जागी, आत्ता ऐकू येतंय.
हापसालूहून ताल्लिन, ताल्लिनहून खाडीपलीकडे हेलसिंकी,
ओळ उड्या मारत जाते,
गावोगाव दवंडी.

त्यात वाईट काही नाही. बघणाऱ्यांसाठी वेगळा वर्ग आहे,
तिथे खुशाल खेळा.
फक्त स्वतःची दवंडी स्वतः पिटायची नाही,
घरच्यांकडूनही पिटवायची नाही, कुठल्याच वर्गात.
आपली पाठ आपण थोपटू नये
हे मला नियम वाचण्याआधीपासून ठाऊक होतं.

शनिवारी मध्यरात्रीनंतर चाळीस मीटरवर शुकशुकाट.
सीक्यू, सीक्यू,
विहिरीत बादली सोडावी आणि रिकामीच वर यावी.
तासाला अकरा संपर्क. कॉफी गार.
तीन वाजून सात मिनिटांनी
कोणीतरी धरण फोडलं.

ओहायो, क्वेबेक, अझोरेसवरचा कोणी,
एकमेकांच्या अंगावर चढून आपापली नावं ओरडणारे.
एकेकाला चिमटीत धरून बाहेर काढलं,
पाच-नऊ-नऊ, धन्यवाद, पुढचा.
हात आपोआप चालत होता.
मला वाटलं, आकाश उघडलं.
मला वाटलं, एल्मारने शेवटच्या उन्हाळ्यात
पाइनच्या शेंड्याला बांधलेली तार अजून बोलते.
मला वाटलं, मी.

चार वाजता पाणी प्यायला उठले.
राइवो दारात, एकाच पायात मोजा.
‘‘मावशी, आले ना? मीच टाकलं तुला पॅकेटवर.
ओळ पार अमेरिकेपर्यंत गेली!’’
पहिलाच मासा गळाला लागावा तसा चेहरा.

रागावले नाही. त्या चेहऱ्यावर कसली रागावते.
एवढंच झालं की त्या तासातलं माझं किती
आणि दवंडीचं किती,
हे निवडायला चाळणी नव्हती.

पुसून टाकू एकशे बारा नावं?
मग ओहायोतल्या त्या माणसाच्या वहीत मी असणार
आणि माझ्या वहीत तो नसणार.
त्याने तर मला खरंच ऐकलं होतं.
त्याला का खोटं पाडायचं?

सोमवारी फ्लॉपी पाकिटात घातली,
वर्गाच्या रकान्यात लिहिलं :
केवळ तपासणीसाठी.
म्हणजे इतरांच्या वह्या माझ्या वहीशी ताडतील,
ज्याचे गुण त्याला मिळतील,
निकालात मी कुठेच नसेन.

राइवो म्हणाला, ‘‘कोणाला कळलं असतं?’’
म्हटलं, टपालपेटीपर्यंत चल, निसरडं झालंय, हात धर.

अर्ध्या वाटेवर त्याने हळूच विचारलं,
‘‘क्वेबेकवाला कसा वाजत होता गं?’’
बर्फात उभी राहून
मी जिभेने टाळूवर वाजवून दाखवला :
घाईघाईचा, आणि शेवटचं अक्षर जरासं ओढून सोडणारा,
निघता निघता दारात रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखा.

‘‘पुन्हा,’’ तो म्हणाला.